सहा महिन्यांचं ऑइल

माझी थोरली नात जन्मली, त्या वर्षीची गोष्ट. ऑइलच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या मनगटावर इस्पितळाची पट्टी होती.

“जुनी डिझेल गाडी आहे. वर्षभर चालेल असं ऑइल द्या.”

“अहो, आपण सहा महिन्यांचं घालतो ना?”

“या वेळी भारीतलं घालू. वर्षभर तुला बघायला नको.”

“मी कशाला बघू? ऑइल तुम्ही बदलता.”

“अगं, डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?”

“ऐकलं. दादा, सहा महिन्यांचंच द्या.”

“काकू, काका म्हणतात ते इंजिनाला जास्त चांगलं.”

“असेल. पण मग हे वर्षभर गाडीखाली शिरायचे नाहीत. पलंगावर लोळून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतील.”

“हट्टी आहेस.”

“चाळीस वर्षांनी कळलं? राहू द्या, डबा मी उचलते. सहा महिन्यांनी मात्र तुम्हीच यायचं न्यायला.”

“बघू.”

“बघू नाही. हो म्हणा.”

“हो बाई, हो.”

ते गृहस्थ त्यानंतर सात महिन्यांनी वारले, असं मला दुकानदाराने सांगितलं.