तीन डोळ्यांचा जावई

तुमाले वाटते माहं लगन सहज झालं? अरे, त्याच्यासाठी मले आधी एक अख्खा ग्रह वसवा लागला!

बाबाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालतं, म्हणून बाभुळगावच्या घरी रोज संध्याकाळी मीच त्याइले गोष्टी वाचून दाखवत होती. पुसदकडच्या तांड्यावरच्या सुनीलशी मले लगन करायचं होतं, पण त्याचं नाव काढलं की बाबा म्हणत, "पोरगा चांगला हाय, पण आपल्या जातीचा नाही." मंग मी सोताच एक गोष्ट लिहिली. दुसऱ्या ग्रहावरून तीन डोळ्यांचा एक पोरगा येते आन् आपल्या इकडं कापूस वेचणाऱ्या पोरीच्या प्रेमात पडते. पोरीचा बाप काही केल्या मानत नाही.

बाबा त्या बापावर असे तापले! "काय खवीस माणूस हाय! पोरगा निर्व्यसनी हाय, पोरीवर जीव टाकते. तीन डोळे असले म्हणून काय झालं?"

मी कागद खाली ठेवला. "बाबा, तुमाले तीन डोळ्यांचा जावई चालते, मंग दोन डोळ्यांचा सुनील काहून नाही चालत?"

बाबा हळूच म्हणाले, "त्या ग्रहावर आपले सोयरेधायरे राहत नाही ना, बाई."

तशी आई चुलीपासून ओरडली, "मंग लगन तिकडंच लावू! रुसाले तरी कोणी येणार नाही."