सातच्या मालिकेतली आई

(चित्रीकरणाच्या जागेवरची मेकअपची खोली. दुपार. मालिकेत आईचं काम करणारी अभिनेत्री आरशासमोर बसली आहे. मालिकेचा लेखक दारात उभा आहे.)

अभिनेत्री : आधी दार लाव. आणि मग सांग, हे कुणाला विचारून लिहिलंस?

लेखक : कुठलं?

अभिनेत्री : साळसूदपणा नको. तिसरं पान. ताटाचं.

लेखक : अहो बाई, सीन आहे तो. आई मुलीला आपली कहाणी सांगते. जगात काय एकाच मुलीला बापाने घराबाहेर काढलंय?

अभिनेत्री : ‘त्या संध्याकाळी आईने ताटं घेतली तेव्हा त्यांत माझं नव्हतं. मी विचारलं, माझं कुठेय? बाबा म्हणाले, जिथे तोंडाला रंग फासतेस तिथेच जेव.’ हे तुला सुचलं?

लेखक : पाठसुद्धा झालं की तुमचं.

अभिनेत्री : सुचलं का, विचारतेय.

लेखक : नाही. तुम्ही सांगितलं होतंत. डोंगरातल्या शूटिंगहून येताना गाडी बंद पडली होती, तेव्हा.

अभिनेत्री : तुला सांगितलं होतं. मालिकेला नव्हतं सांगितलं. अरे, सात वर्षं संसार केला त्या नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. तुला सांगितलं, कारण अंधार होता, भूक लागली होती आणि तू मुकाट्याने ऐकत होतास. मला काय माहीत तू टिपून घेतोयस!

लेखक : टिपलं नाही हो. राहून गेलं डोक्यात. विसरायचा प्रयत्न करूनही गेलं नाही, असं आहे ते.

अभिनेत्री : मग डोक्यातच ठेवायचं होतंस.

लेखक : ठेवलं होतं इतकी वर्षं. पण आता गळ्याशी आलंय, बाई. टीआरपी पार झोपलाय. चॅनेलची माणसं बाहेर सेटवर खुर्च्या टाकून बसलीत, बघितलीत ना? या आठवड्यात काही घडलं नाही तर गाशा गुंडाळा म्हणालेत. एवढं मोठं युनिट आहे. कुणाच्या घरी काय आहे, कुणाच्या काय...

अभिनेत्री : आणि ते सगळं माझ्या ताटात का?

लेखक : कारण लोक तुमच्यासाठी बघतात.

अभिनेत्री : लोक माझ्यासाठी बघत होते तेव्हा तू अर्ध्या चड्डीत होतास. पहिला सिनेमा लागला तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर माणसं एकमेकांचे शर्ट फाडत होती. मग एक पडला, दुसरा पडला, तिसरा डब्यातून बाहेरच आला नाही. एके दिवशी फोन वाजायचा बंद झाला. आधी वाटलं, फोनच बिघडलाय. दुरुस्तीवाल्यालासुद्धा बोलावलं होतं मी, सांग!

लेखक : माहीत आहे.

अभिनेत्री : सगळंच माहीत आहे तुला. मग टीव्हीवर हिरॉइनची मोठी बहीण, मग काकू, मग आई. आणखी दोन वर्षांनी आजी करशील आणि त्याच्यापुढे भिंतीवरचा फोटो.

लेखक : काकूवरून आईच्या रोलवर तुम्हाला मी आणलं, बाई. चॅनेलला दुसरीच कुणी हवी होती. मी हट्टाला पेटलो होतो तेव्हा.

अभिनेत्री : आलास का शेवटी मुद्द्यावर?

लेखक : उपकार म्हणून नाही सांगत.

अभिनेत्री : म्हण ना, उपकारच आहेत. मी नाही कुठे म्हणतेय? पण ते माझ्याकडून फेडून घे. माझ्या बापाकडून कशाला?

लेखक : त्यांचा काय संबंध? त्यांनी इतक्या वर्षांत तुमचं तोंड बघितलं नाही. त्यांच्या शाळेसमोर तुमचं पोस्टर लागलं, मास्तरांची मुलगी म्हणून पोरं हसली, तेवढ्यावर त्यांनी तुम्हाला तोडलं. आई गेल्या तेव्हाही पाठ फिरवून बसले होते. तुमचेच शब्द आहेत हे.

अभिनेत्री : बघतात.

लेखक : काय बघतात?

अभिनेत्री : तोंड. रोज संध्याकाळी सात वाजता.

लेखक : म्हणजे... आपली मालिका?

अभिनेत्री : अर्धांगवायूचा झटका आल्यापासून एक बाजू गेलीय त्यांची. बोलणंही गेल्यातच जमा. दिवसभर खिडकीशी बसून असतात. सात वाजत आले की खुर्ची टीव्हीकडे वळवायला लावतात. वहिनी सांगतात मला. मी कधी विचारत नाही हं. त्या आपणहून, भाजीचा भाव सांगावा तसं सांगतात, आणि लगेच दुसरं काहीतरी काढतात. दादाला तर त्या कळूही देत नाहीत की मला सांगितलंय.

लेखक : हे मला माहीत नव्हतं.

अभिनेत्री : म्हणून तर एवढं माझ्यापाशी शिल्लक राहिलं.

लेखक : बाई, खरंच...

अभिनेत्री : शेवटी काय लिहिलंयस? वाच. मोठ्याने वाच.

लेखक : नको ना.

अभिनेत्री : वाच!

लेखक : ‘मला बाप नव्हताच गं. एक माणूस होता आणि त्याचं घर होतं.’

अभिनेत्री : टाळीचं वाक्य आहे. छान जमलंय. उद्या सातला ते म्हातारं माणूस खुर्चीत बसून हे ऐकणार. उठून टीव्ही बंद करता येत नाही त्यांना. बंद कर म्हणायलाही जीभ वळत नाही.

लेखक : थांबा, फोन आला... हो. हो, इथेच आहे, त्यांच्याशीच बोलतोय. लायटिंग झालंय? बरं. अहो येतो म्हटलं ना, पाच मिनिटं... काढतो, बाई. सगळा सीन काढतो.

अभिनेत्री : आणि त्या जागी?

लेखक : लिहितो काहीतरी. आई जिन्यावरून पडते. मुलगी रडते. पडायला जिना आहे आपल्याकडे.

अभिनेत्री : आणि बाहेर बसलेत ते?

लेखक : बंद करतील. काय करतील आणखी? मला काय, मी जाहिराती लिहीन.

अभिनेत्री : हे काय करतोयस?

लेखक : फाडतोय. पानं राहिली तर उद्या दुसरं कुणी शूट करेल.

अभिनेत्री : फाडू नकोस. दे इकडे ती पानं.

लेखक : आता कशाला?

अभिनेत्री : तू खोटं लिहिलं असतंस ना, तर तुझ्या तोंडावर फेकून मी मोकळी झाले असते. पण झालं होतं ते. असंच झालं होतं. ‘घरच्यांचा पाठिंबा होता का?’ असं मला प्रत्येक मुलाखतीत विचारतात, आणि मी प्रत्येक वेळी गोड हसून हो म्हणते. त्यांची अब्रू मी सांभाळली. माझी कुणी सांभाळली रे?

लेखक : मग करायचा सीन?

अभिनेत्री : माझा फोन दे. त्या पावडरच्या डब्यामागे आहे बघ.

लेखक : कुणाला लावताय?

अभिनेत्री : ... हॅलो, वहिनी?

वहिनी : अगंबाई, वन्सं! आज दुपारच्या? काम नाही का? तब्येत बरी आहे ना?

अभिनेत्री : बरी आहे. बाबा जागे आहेत?

वहिनी : जागे आहेत. आत्ताच तोंड पुसून बसवलंय खिडकीशी. का हो?

अभिनेत्री : मला त्यांच्याशी बोलायचंय.

वहिनी : कुणाशी?

अभिनेत्री : बाबांशी.

वहिनी : अहो, पण... हे घरात नाहीत, वन्सं. आणि बाबांना काही त्रास-बीस झाला म्हणजे मी एकटी काय करू? ते बोलायचेही नाहीत हो. माझ्याशीसुद्धा खुणेनेच चालतं त्यांचं.

अभिनेत्री : ते नाही बोलले तरी चालेल. दादा घरात नाही तेच बरंय. त्यांच्या कानाला लावा फोन.

वहिनी : बाई गं... थांबा, स्पीकरवर टाकते. मांडीवर ठेवते त्यांच्या. बाबा, वन्संचा फोन आहे. हो, आपल्याच. बोला वन्सं, फोनकडे बघतायत.

अभिनेत्री : बाबा. मी बोलतेय.

वहिनी : ऐकतायत.

अभिनेत्री : बाबा, उद्या सातला जो भाग लागेल, त्यात माझा एक सीन आहे. आपल्या घरातला आहे. त्या संध्याकाळचा. तुम्ही मला ताटावरून जे बोललात, ते त्यात आहे. मी ते म्हणणार आहे. शेवटी असं लिहिलंय की मला बाप नव्हता. ते मी म्हणणार नाही. पण बाकीचं सगळं म्हणणार. विचारत नाहीये तुम्हाला, सांगतेय. अचानक समोर येऊ नये म्हणून. ऐकायचं नसेल तर वहिनींना खूण करा, त्या उद्या टीव्ही लावणार नाहीत.

वहिनी : वन्सं...

अभिनेत्री : काय करतायत? फोन बाजूला कर म्हणतायत का?

वहिनी : नाही. डोळे मिटून घेतलेत. फोन हातात धरलाय, चांगल्या हाताने. वन्सं, ओठ हलतायत हो त्यांचे. सावकाश, बाबा. सावकाश म्हणा.

लेखक : बाई, सेटवरून पुन्हा फोन येतोय...

अभिनेत्री : बंद कर तो.

वडील : शे... शेव...

वहिनी : काय, बाबा? शेव?

वडील : शेवटचा. शब्द. गिळतेस.

अभिनेत्री : काय म्हणाले?

वडील : वाक्याचा. रोज. गिळतेस.

वहिनी : अगंबाई! अहो, ते तुमच्या कामाबद्दल बोलतायत. वाक्यातला शेवटचा शब्द तुम्ही गिळता म्हणतायत. ऐकलंत ना? एवढं तर ते डॉक्टरांशीसुद्धा बोलले नाहीत हो!

अभिनेत्री : ऐकलं.

वहिनी : मनावर घेऊ नका हं. म्हातारं माणूस, काहीतरी बोलून जातं.

अभिनेत्री : खरं आहे ते, वहिनी. पहिल्या सिनेमापासून गिळते. मला ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

वहिनी : मग उद्या... लावू ना टीव्ही?

अभिनेत्री : त्यांना विचारा.

वहिनी : बाबा, उद्या सातला लावायचा का? ... लावायचा. मान हलवतायत. हो, हो, कळलं बाबा, लावते. फोन सोडत नाहीयेत वन्सं, घट्ट धरून ठेवलाय.

अभिनेत्री : राहू दे त्यांच्याकडे. बाबा, उद्या नीट ऐका. एकही शब्द गिळणार नाही.