तिळाएवढी क्लिप

— नाही गं, बस, बस. बोलावतील तुला, उठायची घाई नको. हे? बर्फाची पिशवी आहे. ब्रामध्ये कोंबून ठेवायची म्हणे, सूज येऊ नये म्हणून. गार लागतं का? काही लागत नाही. सुन्न करायचं औषध दिलंय ना, डावी बाजू माझी नाहीच जणू.

दुखत नाही, घाबरू नकोस. पालथं झोपायचं, छाती त्या फळीतल्या भोकातून खाली सोडायची — लाज? लाज कसली, धारेला उभ्या केलेल्या गाईसारखं मुकाट पडून राहायचं — मग एमआरआयच्या बोगद्यात सरकवतात, फोटो काढतात, बाहेर ओढतात, सुई घालतात, परत आत. सुई छातीतल्या त्या डागात नेमकी गेली का, ते पुन्हा फोटोत बघायचं, मग तपासायला तिथला तुकडा काढायचा. माझा डाग दुसऱ्या कुठल्या तपासणीत दिसतच नाही म्हणे. हलायचं मात्र नाही हं. तोंडाखाली आरसा असतो, त्यात मला मार्सीचे बूट दिसत होते. मग आरशावर पाणी पडलं. म्हटलं, अगं बाई, हे कुठून गळतंय? तर माझंच. रडत नव्हते मी — नुसतं गळत होतं.

मार्सी म्हणजे आतली ती उंच पोरगी, सुईच्या वेळी पाठीवर हात ठेवते ती. लहानपणी माझ्याच बसमध्ये असायची. मी शाळेची बस चालवायचे ना, भर हिमवादळातसुद्धा. या पोरीला खोटं म्हणून जमायचं नाही. सीट कुणी फाडली विचारलं, की हिचाच हात वर! तर शेवटी त्या जागी एक क्लिप ठेवून देतात, तिळाएवढी, खुणेला. मी आपलं सहज विचारलं, 'ही काढायची कधी गं?' तर म्हणते, 'बाकीच्याबरोबरच निघेल ना, मिसेस कोस्की.' आणि कान लालबुंद. बाकीचं म्हणजे? काही काढायचंच नसेल तर बाकीचं आलं कुठून? डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट शुक्रवारी. आता शुक्रवार कशाला हवाय मला?

बरोबर कोण? नवरा, रेयनो. खाली ट्रकमध्ये बसलाय, रेडिओवर हॉकी ऐकत. त्याला सांगितलंय, खांद्याचा फोटो काढायचाय म्हणून. विचारेल, 'झालं का गं खांद्याचं?' मी हो म्हणेन. घरी फ्रीजरमधले मासे बाहेर काढून ठेवलेत, ते तळीन. भीती वाटायला हवी ना एव्हाना? वाटतच नाही. वाटेल बहुतेक, औषध उतरलं की.

— घे, बोलावलं तुला. ती केसातली पिन काढ आधी, धातूचं काही आत नेऊ देत नाहीत. आणि हे बघ — मार्सीला काही विचारू नकोस.