मागच्या चुलीपाशी कोण बसणार?

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो — माणसाला घराबाहेर काढायला काय लागतं? भांडण? काठी? कोर्टाची नोटीस? छे! हसत हसत, चहा पीत पीत, "सगळ्यांच्या सोयीसाठी" म्हणतही काढता येतं! कसं ते सांगतो. कीर्तनात मोबाईल खिशात ठेवा — हो हो, खांबाला टेकलेले पाहुणे, तुम्हालाच म्हणतोय!

तासगावकडचं एक गाव. तिथले रणधीर मगदूम, द्राक्षबागायतदार. मळ्यात नवा बंगला बांधायला काढला. बायको तेजस्विनी, शिकलेली आणि हौशी. तिला स्वयंपाकघर हवं मॉडर्न फार्महाऊस स्टाईल! आता गंमत बघा — घर मळ्यात, मालक शेतकरी, आणि स्वयंपाकघर शेतकऱ्याचं दिसावं म्हणून पुण्याहून डिझायनर आणली! पांढरी कपाटं, लाकडाच्या उघड्या फळ्या, मधोमध ऐसपैस ओटा, आणि भिंतीला टांगलेली पितळी पळी. वाढायला नाही हं, बघायला!

घरात तिसरं माणूस म्हणजे शालनवहिनी. रणधीरच्या थोरल्या भावाची विधवा. पोटी मूलबाळ नाही. रणधीरची आई गेली तेव्हा तो शाळकरी पोर होता. ह्याच वहिनीनं त्याला समोर बसवून जेवू घातलं, लहानाचा मोठा केला. जमीन दिराच्या नावावर, घर दिराचं. तिचं स्वतःचं राज्य केवढं? एका शेगडीएवढं!

एक दिवस वहिनी चहा घेऊन आली, तर डिझायनरबाई नकाशा दाखवतायत. पुढं देखणं स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागं एक बारकी खोली. खोलीत दुसरी शेगडी!

"ही कशाला?" वहिनीनं विचारलं.

"तळण, फोडण्या, भाकरी, मटण — सगळं इथे करायचं," डिझायनर म्हणाली. "म्हणजे पुढचं किचन कायम फोटोसारखं! पाहुण्यांना वास नको ना."

मंडळी, एका घरात दुसरी चूल मांडली की आपल्याकडं त्याचा अर्थ काय? घर फुटलं! वहिनीनं कपबश्या नकाशावरच ठेवल्या आणि आत निघून गेली. तिला कुणी थांबवलं का? नाही. तिला कुणी विचारलं का? तेही नाही! त्या दिवसापासून ती वाढायची, पण खाली मान घालून. मनात एकच घोर — मी ह्या घरातली, का ह्या घरामागली? शेवटी गुपचूप माहेरी भावाला निरोप धाडला, "मला न्यायला ये."

आणि भिंती आखायचा दिवस उजाडला! गवंडी जमिनीवर फक्की मारतोय, चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडतायत. वहिनी आली. सरळ त्या बारक्या चौकोनात शिरली — आणि मांडी घालून खाली बसली! गवंड्याचा हात जागच्या जागी थांबला.

"वहिनी, उठा! हे काय?" रणधीर धावला.

"बसून बघतीया, भाऊजी. जेवायचं टेबल कुठं येणार?"

रणधीरनं पलीकडं बोट दाखवलं.

"मग मधी भिंत आली की तुमचं तोंड हितनं दिसायचं न्हाई. मीठ कमी पडलं तर मला तुमचं तोंड सांगतंय. आता कोण सांगणार?"

"तसं काही मनात नाही हो, वहिनी! इथं कुणीही बसेल!"

"कुणीबी म्हंजे कोण? नाव सांगा."

झालं! रणधीर बघतो बायकोकडं, बायको बघते डिझायनरकडं, डिझायनर बघते मोबाईलमध्ये! नाव सगळ्यांना ठाऊक होतं, मंडळी — ओठांवर आणायची लाज वाटत होती!

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"माझा दादा आलाय, मला न्यायला," वहिनी म्हणाली. "जाते मी. पण आधी नाव सांगा."

तेजस्विनीला थाप मारता आली असती. "मीच बसेन" म्हणाली असती की सुटली असती! पण पोरगी फक्कीची रेघ ओलांडून वहिनीसमोर खाली बसली.

"ताई... इथं मी तुम्हालाच धरलं होतं. तुम्हाला न विचारता. चुकलं माझं."

वहिनी रडली. खूप रडली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "खरं बोललीस. आता न्हाई जात मी. दादाला च्या टाक."

मागची शेगडी आजही तिथंच आहे. भिंत मात्र झाली नाही, आणि तळणाच्या पाळ्या लागल्या! रविवारी भजी रणधीर तळतो. करपवतो! पण खाणाऱ्याला तोंड वाकडं करायची सोय नाही — वहिनी समोर बसून बघत असते!

हसलात? हसा. आता मात्र टाळ जरा खाली ठेवा. देवापुढं आपण फुलं मांडतो, गोड आवाज लावतो, आणि धूर मागं लपवतो. ह्या मंडपाच्या कनातीमागं आत्ता चुलाण पेटलंय. आपला महाप्रसाद शिजतोय. सकाळपासून आमटी ढवळणाऱ्या त्या बाया कोण? नाव सांगा! एकीचं तरी सांगा! ... का हो, गप्प का? कथेचा एक शब्द तरी त्यांच्या कानावर पडला असेल का?

उठा, पुढचे चार जण उठा! पळ्या तुम्ही धरा, आणि त्यांना इथं आणून पहिल्या रांगेत बसवा. आमटी लागली तर लागू दे, देव खाईल! त्या बसल्याशिवाय मी गजर करणार नाही. मी उभा आहे. निघा!