ताराक्काच्या चुलीतला विस्तव

ऐका. आणि ती बॅटरी आधी बंद करा. तोंडावर उजेड पाडून घेऊन गोष्ट सांगायला मी काय चोर नाही. शेकोटीचा उजेड पुरे आहे.

पाव्हणं, मघाशी तुम्ही म्हणालात, घर आत्ताच बघून येऊ, चांदणं छान पडलंय. मी म्हणालो, बसा. तुमच्या बाईंना राग आला. येऊ दे. माझा सगळ्यांनाच येतो, घरच्यांना तर रोज येतो. पण करवंदीच्या पाणंदीनं दिवेलागणीनंतर मी माझं कुत्रं जाऊ देत नाही. तुम्ही तर माणसं आहात.

पाणंद म्हणजे गाडीवाट. दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या. एका बाजूला आमची शेतं, दुसऱ्या बाजूला फॉरेस्टची तार. तारेपलीकडं राखीव जंगल. गवे, अस्वलं, सगळं आहे. जंगल जिथं संपतं तिथं कडा, आणि कड्याखाली दरी. पाणंदीच्या पार शेवटाला ते घर. ताराक्काचं घर. एजंटानं तुम्हाला काय सांगितलं असेल ते मी सांगतो. शांत जागा. समोर सरकारी जंगल, जन्मात कुणी बांधणार नाही. पहाटे पाखरं उठवतील. खरं आहे सगळं. एक शब्द खोटा नाही. केरबालाही हेच सांगितलेलं.

केरबा कोण? या चुलीपाशी बसल्यात ना, हौसावहिनी, ज्यांच्या नावावर ते घर आहे, त्यांचे मालक. आता नाहीत ते. केरबा पोवार, एसटीचा ड्रायव्हर. उभा जन्म एसटीच्या खोलीत काढला. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या खोलीची भिंत. रिटायर झाला तेव्हा म्हणाला, आता मला असं घर पाहिजे की खिडकी उघडली तर नजर कुठं अडायला नको. भेटलं त्याला तसं.

माणूस सरळ. थापाड्या नव्हता, म्हणून सांगतोय. त्याची एक सवय होती. गाडी हलवायच्या आधी मागं मान वळवायचा आणि विचारायचा, "कुणी राहिलंय का मागं?" कंडक्टरनं डबल बेल दिली तरी विचारायचा. घरी जेवायला बसला तरी विचारायचा. पहिला घास हातात, आणि "कुणी राहिलंय का मागं?" हौसावहिनी म्हणायच्या, "या खोलीत आपण दोघंच, मागं काय तुमची वरात राहिलीय?" तरी विचारायचा. हसू नका. त्या सवयीनंच वाचला.

आता ताराक्का कोण ते ऐका, नाहीतर पुढं समजायचं नाही.

ताराक्का विधवा बाई. एकुलता एक लेक, सिदू. फॉरेस्टची तार यायच्या आधीची गोष्ट. एका संध्याकाळी म्हैस परत आली नाही म्हणून सिदू जंगलात गेला. शीळ घालत गेला. शीळ घालायची फार खोड होती त्याला. म्हैस रात्री आपली आपण गोठ्यात आली. सिदू आला नाही. शोधला, सगळ्या गावानं शोधला. चप्पलसुद्धा मिळाली नाही. तेव्हापासून ताराक्का रोज तिन्हीसांजेला ओसरीवर कंदील लावायची. घनसाळ तांदळाचा भात शिजवायची, लेकाला आवडायचा म्हणून. ताट वाढून बसायची. शिजणाऱ्या घनसाळचा वास तुम्हाला ठाऊक नसेल. अर्ध्या शिवारात समजतं, आज कुणाकडं भात आहे ते. तशीच वाट बघत म्हातारी गेली.

घर आलं तिच्या पुतण्याकडं. तो इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. त्यानं ते केरबाला विकलं.

आणि इथं चुकलं. आमच्याकडं घर विकलं की विकणाऱ्यानं विस्तव काढायचा असतो. म्हणजे काय, जुन्या घरधन्यानं, त्याच रक्तामासाच्या माणसानं, चूल पेटवायची, त्यातला निखारा खापरीत घ्यायचा, आणि पुढच्या दारानं बाहेर न्यायचा. जाताना घराला सांगायचं, आमचं संपलं बाबा, आता तू दुसऱ्याचा. मागं बघायचं नाही. मग एक रात्र दार उघडं, चूल गार. घरात जे कुणी असेल त्याला निघायला वेळ द्यायचा. दुसऱ्या दिवशी नवा माणूस आपला विस्तव घेऊन आत येतो. तुम्ही शिकलेली माणसं म्हणाल, काय खुळेपणा. म्हणा. पण किल्ली दिली म्हणजे घर दिलं असं नसतं.

पुतण्यानं तालुक्याला सही केली आणि उभ्या उभ्या एसटी पकडली. केरबा संध्याकाळच्या गाडीनं किल्ली घेऊन इथं आला. हौसावहिनी आमच्याकडं होत्या, इथंच, भाकऱ्या थापत होत्या. तो पायरीवर उभा राहूनच म्हणाला, "मी जातो. पहिल्या दिवशी घरात दिवा लागला पाहिजे."

मी म्हणालो, "केरबा, पुतण्याला येऊ दे. विस्तव निघू दे. तोवर जाऊ नकोस."

म्हणाला, "आप्पा, घाटात धुक्यातनं गाडी काढलीय मी. ही पाणंद मला चकवणार व्हय?"

हौसावहिनी म्हणाल्या, "जावा की. चार भिंती मिळाल्या म्हटल्यावर बायको कशाला पाहिजे." वहिनी, म्हणाला होतात की नाही तुम्ही? मान हलवतात बघा.

गेला. हातात न पेटवलेला कंदील, खिशात किल्ली आणि काडेपेटी.

यापुढचं केरबानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे. आपल्या पदरचं मी काही घालत नाही.

पाणंदीत शिरला तर वारा पडलेला. चांदणं दुधासारखं, वाटेवर सांडलेलं. एका हिरड्याच्या झाडावर काजवे भरले होते. सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. झाड श्वास घेतंय असं वाटायचं. पायाखाली धूळ मऊ, स्वतःची चाहूल स्वतःला येईना. केरबाला बरं वाटलं. जन्मभर इंजिनचा आवाज कानात, पहिल्यांदा कान रिकामे झाले.

आणि भाताचा वास आला.

त्याला वाटलं, शेतावर कुणी शिजवत असेल. पुढं वळणावर घर दिसलं. एवढ्या लवकर? पाणंद तर लांब आहे. पण घर तेच, ओसरीवर कंदील लावलेला. तो म्हणाला, पुतण्या आला वाटतं, भला माणूस आहे. पायऱ्या चढला. दाराला कुलूप होतं. किल्ली घातली, फिरवली. फिरेना. जोर लावला. तर किल्ली जांभळीच्या सालीत रुतलेली. घर नाही, दार नाही. जांभळीचं झाड, आणि हा खोडाशी उभा.

हसला तो. म्हणाला, म्हातारा झालो.

चालला पुढं. पुन्हा वास. पुन्हा घर. आता अंगण सारवलेलं, ओलं. दारात घंगाळ, त्यात पाणी, त्यात चंद्र. आतनं जात्याची घरघर. बाई ओवी म्हणत होती. शब्द समजत नव्हते, पण त्याला वाटलं ही ओवी आपण पाळण्यात ऐकलीय. पाय धुतले त्यानं. पाणी कोमट होतं म्हणाला, आईनं तापवून ठेवावं तसं. धोतराच्या सोग्यानं पाय पुसायला वाकला, तर गुडघ्याइतक्या ओढ्यात उभा. गार पाणी. आणि तार मागं राहिलेली. तार कधी ओलांडली ते माहीत नाही. धोतराला चिरा पडलेल्या, अंगावर ओरखडा नाही.

आता शहाण्या माणसानं काय करावं? आहे तिथं बसावं. चकवा लागला की बसायचं असतं, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. पण त्याला भीतीच वाटेना. तेच तर वाईट. भूत भीती घालतं असं तुम्हाला वाटतं. नाही. भीती घातली तर माणूस पळतो. ते गोड बोलतं. मऊ अंथरूण घालतं. केरबा म्हणाला, "आप्पा, मला कुणीतरी घरी नेत होतं. मला घरी जायचंच होतं."

तिसऱ्यांदा घर दिसलं, ते झाडीच्या पार टोकाला. दार उघडं. कुलूप नाही, काही नाही. आत चूल पेटलेली, कुठंतरी जात्याची तीच घरघर. आणि समोर खिडकी, हीऽ एवढी. खिडकीतनं नुसतं आभाळ. नजर कुठंच अडत नव्हती. केळीचं पान मांडलेलं, पानावर घनसाळचा भात, वाफ निघतेय, वर दुधाची साय. चुलीकडं तोंड करून हौसावहिनी बसलेल्या. वळून बघितलं नाही. म्हणाल्या, "आलास? दमला असशील. जेव बाळा."

हौसावहिनी आणि बाळा म्हणतील? यांनी जन्मात त्याला एक गोड शब्द... बरं वहिनी, राहिलं. डोळे वटारू नका.

त्याला ते खटकलं, पण लांबून, झोपेत कुणी हाक मारावी तसं. पानावर बसला. घास उचलला. त्या घरचा घास पोटात गेला असता तर केरबा त्या घरचा झाला असता. तोंडापाशी नेला. आणि सवयीनं मान मागं वळवून म्हणाला,

"कुणी राहिलंय का मागं?"

जातं थांबलं. चूल धूर न करता विझली. ती चुलीपाशी बसलेली हळूच म्हणाली,

"राहिलाय. माझा सिदू राहिलाय."

आणि रडायला लागली. आवाज न करता. इतक्या वर्षांत कुणी तिला विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे तिला समजावायला जायचो. विचारायला एकजण गेला नव्हता.

केरबानं खाली बघितलं. मुठीत ओला पालापाचोळा. पान नाही, चूल नाही. कड्याच्या काठावर बसलाय, पाय दरीत लोंबतायत. ती खिडकी म्हणजे दरी. पुढं सरकून आभाळ बघायला वाकला असता तर संपलं होतं. आणि शेजारी कुणीतरी बसलेलं. तिकडं मान वळवायची छाती होईना.

काय म्हणाला असेल तो? पळाला नाही. पळाला असता तर घसरला असता, ओलं शेवाळ होतं. तो म्हणाला, "राहिला असेल तर थांबू की. येऊ दे त्याला. गाडी हलवत नाही."

बसून राहिला. मधूनमधून शेजारनं विचारायची, "आला?" हा म्हणायचा, "येतोय, मावशी." दरीतनं धुकं वर आलं, गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत. दोघं ढगात बसल्यासारखे. काजवे धुक्यात उतरले. झोप अशी मऊ येत होती म्हणाला, मान पडली की "आला?" ऐकू यायचं, आणि तो सावरायचा. तिनं मारायला नेला आणि तिनंच जागा ठेवला. काय समजायचं ते समजा.

उजाडायच्या आधी दरीतनं शीळ आली. लांबून, नाचरी, पोरानं आपल्याच नादात घालावी तशी. आमच्या जंगलात एक पाखरू आहे, पहाटे अशीच शीळ घालतं. पाखरूच असेल. मला विचारू नका. पण शेजारची उठली. "आला," म्हणाली. आणि कड्यावरनं पुढं चालत गेली, धुक्यावरनं, अंगणातनं जावं तशी.

सूर्य वर आल्यावर आम्हाला तो सापडला. झाड धरून, डोळे उघडे. हौसावहिनींनी त्याला पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत एक थोबाडीत दिली, आणि मग मटकन खाली बसून त्याचे पाय चोळायला लागल्या. एवढ्या गार पायांचा जिवंत माणूस मी पाहिला नाही.

मग पुतण्याला धरून आणला. चूल पेटवली, खापरीत निखारा घेतला. उंबऱ्यापाशी आला की निखारा विझायचा. वारा नाही, काही नाही. पुन्हा घेतला, पुन्हा विझला. शेवटी मीच म्हणालो, ठेव बाबा. ती निघायला तयार नाही. लेक शीळ घालून पुन्हा जंगलातच जात असेल, आणि हिला रोज भात टाकावा लागत असेल. केरबा आमच्या गावात भाड्यानं राहिला. मरेपर्यंत संध्याकाळी पाणंदीच्या तोंडाशी जायचा, एकदा विचारायचा, "कुणी राहिलंय का?" आणि परत यायचा. म्हणून हौसावहिनी ते घर विकत नाहीत. एजंट काय वाटेल ते सांगू दे.

तर पाव्हणं, घर बघायचं तर उन्हात बघा. दिवा लागल्यावर ती वाट धरू नका. आणि जिथं भात नाही तिथं भाताचा वास आला तर आहे तिथं बसा.

मागं कुणी राहिलंय का तुमचं? तुमचा ड्रायव्हर इलाहीभाई कुठाय? गाडीत झोपलाय? गाडी कुठं लावलीय?

पाणंदीच्या तोंडाशी.

मग हाक मारा. माझ्या तोंडाकडं काय बघताय, मारा हाक. मोठ्यानं. पुन्हा.

हां, आला बघा. ये रे, ये. बस शेकोटीपाशी. काय म्हणतोस? भूक लागली? लागणारच. काय? भाताचा वास गाडीपर्यंत आला?

आणि ओसरीवर कंदील लावलेलं घर दिसलं, अगदी दोन पावलांवर, तिकडंच निघाला होतास, तेवढ्यात हाक ऐकली.

हौसावहिनी, आज भात टाकलाय का?

नाही म्हणतात. भाकरी आणि हुलग्याचं माडगं आहे.

राहू दे रे ती गाडी तिथं. चावी असू दे खिशात, सकाळी बघू. सरका जरा, त्याला जागा द्या. पाय पुढं कर तुझे. वहिनी, जरा बघा, गार आहेत का.