चांगुणा नेपाळात राह्यली त्याबाबत

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे, मलकापूर
दि. १६/०२/२०२४

मी कचरू श्रावण झनके, वय ७१ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी जिनिंगमध्ये चौकीदारी, सध्या घरीच, रा. पंचशील नगर, मलकापूर, जि. बुलढाणा. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी चांगुणा, वय ६६, असे दोघेच राहतो. मुलगी एक आहे, ती लग्न होऊन नाशिकला असते. दि. १३ रोजी मी याच ठाण्यात तक्रार दिली होती की, यात्रेच्या बसचा ड्रायव्हर गोकुळ याने माझ्या पत्नीस नेपाळ देशात सोडून दिले व तो बस घेऊन निघून आला. त्यावरून गोकुळ यास आज सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवले आहे. त्या तक्रारीबाबत मला आणखी सांगावयाचे आहे.

आमच्या नगरातील प्रसेनजित हा दरवर्षी धम्मयात्रेची बस काढतो. यंदा सांची, सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर व पुढे नेपाळ अशी सतरा दिवसांची यात्रा होती. दि. ३० जानेवारीस बस निघाली. बसमध्ये अडतीस माणसे होती, त्यात बायकाच जास्त. माझे लघवीचे ऑपरेशन झालेले असल्याने मला तासा-तासाला उतरावे लागते, म्हणून मी नाव दिले नाही. चांगुणाने दिले. अडतीस माणसे असली तरी परदेशात ती एकटीच, असे माझे म्हणणे होते. म्हणून नेपाळातील पहिले चार दिवस आपण रेल्वेने जाऊन तिच्या सोबत राहावे असे मी ठरविले. मी तिला तसे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कायले तरास घेता? तुमाले बस झेपत नाही." यास मी नकार समजलो नाही.

मी दि. ५ रोजी भुसावळहून गाडीत बसून दुसरे दिवशी गोरखपूरला उतरलो. दि. ७ रोजी सकाळी सहा वाजता मी सोनौली येथे, म्हणजे सरहद्दीवर, पोचलो. बस दहाला येणार होती. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे चालते असे मला तेथे कळले. मी माझे घड्याळ बदलले नाही, म्हणून या जबाबातील वेळा आपल्याकडील समजाव्यात.

बस अकरा वाजून वीस मिनिटांनी आली. ती दिसण्याआधी ऐकू आली. आत बायका भीमगीते म्हणत होत्या. पुढून म्हणणारा आवाज चांगुणाचा होता. एवढा मोठा आवाज तिने घरी काढलेला नाही. मी चढलो तेव्हा गाणे थांबले. पुढे चार दिवस ते झाले नाही. कारण कोणी सांगितले नाही.

चांगुणाच्या शेजारी आमच्या गल्लीतील सिंधूताई बसलेल्या होत्या. त्या उठल्या व सर्वांना ऐकू जाईल असे बोलल्या, "या भाऊजी, बसा. चांगुणाबाई, वाजली वं शाळेची घंटी!" त्यावर बायका हसल्या. चांगुणाही हसली. मग तिने माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

दि. ८ रोजी बस पोखरा येथे जाण्यास निघाली. रस्ता घाटाचा, एका बाजूने खोल दरी आहे. मी ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून त्यास प्रत्येक वळणावर सावध केले. तो मला म्हणाला, "बाबा, हे घ्या स्टेरिंग, मी मागं जाऊन झोपतो." बस माझ्यासाठी सात वेळा थांबविली. दर वेळी चांगुणा माझ्यासोबत खाली उतरली, कारण मी एकटा उतरल्यास पाय घसरेल अशी मला भीती वाटत होती. दुपारी दोनच्या सुमारास उजवीकडे बर्फाचे डोंगर दिसू लागले. सर्व माणसे त्या बाजूला गेली. गाडी एकीकडे कलेल, असे मी ओरडून सांगितले. चांगुणाही उठली होती. तिला मी हाताला धरून खाली बसविले व खाली दरी आहे, डोळे मिटून घे, असे सांगितले. तिने मिटले.

पोखरा येथे एक दिवस मुक्काम होता. सकाळी सर्वजण तळ्यावर गेले. मला थंडी बाधल्यासारखे वाटले म्हणून मी खोलीत थांबलो व चांगुणाही थांबली. तिने माझ्यासाठी पाणी तापवून घेतले. सिंधूताई दोन वेळा बोलावण्यास आल्या होत्या. दि. १० रोजी आम्ही परत फिरून लुंबिनी येथे आलो, जेथे भगवान बुद्धांचा जन्म झाला. तेथे गर्दी होती. चुकामूक होऊ नये म्हणून मी चांगुणाच्या पदराचे टोक हातात धरून ठेवले होते. आत दर्शनाच्या ठिकाणी ती उभी राहिली तेव्हा मागे माणसे खोळंबली आहेत असे मी तिला सांगितले. ती लगेच पुढे चालू लागली.

दि. ११ रोजी माझे परतीचे रिझर्व्हेशन होते. बस आणखी दोन दिवस लुंबिनीत थांबून दि. १३ रोजी सकाळी निघणार होती. चांगुणा मला जीपपर्यंत सोडण्यास आली. तिने गोळ्यांची पिशवी माझ्या गळ्यात अडकविली व कोणती कधी घ्यायची ते तीन वेळा सांगितले. जीप सुटल्यावर मी मागे पाहिले. ती पाठमोरी चालत होती. ती फार भरभर चालत होती. तिचे गुडघे दुखतात.

मी दि. १२ रोजी संध्याकाळी घरी पोचलो. दि. १३ रोजी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मला नेपाळच्या नंबरवरून प्रसेनजितचा फोन आला. तो म्हणाला, "काका, काकू इथंच राह्यल्या लुंबिनीत. तुम्ही काही..." एवढ्यात फोन कटला. मी तो नंबर अकरा वेळा लावला, लागला नाही. चांगुणाच्या फोनचे सिम नेपाळात चालत नाही.

आमच्याकडे पिशवी बसमध्ये विसरली तर पिशवी राह्यली असे म्हणतात. माणूस गाडी चुकला तरी तो राह्यला असेच म्हणतात. मी तोच अर्थ घेतला. बसने निघताना माणसे मोजली नाहीत व माझी पत्नी परक्या देशात रस्त्यावर उभी आहे, असे माझ्या डोळ्यांसमोर आले. मी चप्पल न घालता ठाण्यात आलो व पहिली तक्रार दिली. ड्रायव्हरने माझ्यावरील रागाने मुद्दाम सोडले असावे, असेही मी त्यात लिहून दिले होते. ते मी कोणाकडून ऐकलेले नव्हते.

त्याच दिवशी दुपारी बस भारतात आल्यावर प्रसेनजितचा पुन्हा फोन आला. काकू स्वतःच्या मर्जीने राहिल्या, असे त्याने सांगितले. मी त्यास खोटारडा म्हटले. सेहेचाळीस वर्षांत चांगुणा मला न सांगता शेजारच्या घरीही गेलेली नाही.

काल दि. १५ रोजी संध्याकाळी बस परत आली. मी चारपासून नाक्यावर उभा होतो. मी उतरणारी माणसे मोजली. सदतीस भरली. सिंधूताई शेवटी उतरल्या. मी त्यांना विचारले की, तुम्ही तिला विसरल्याच कशा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तिले कोन विसरन? बसमधी तिच्याबिगर गानं नाही झालं. येताना सारी बस मुकी." मी म्हणालो की तिला कोणीतरी फूस लावली. त्यावर सिंधूताईंनी पिशवी उघडली. त्यांनी चांगुणाच्या चार साड्यांपैकी दोन माझ्याजवळ दिल्या. त्या धुऊन घडी केलेल्या होत्या.

आज सकाळी मला ठाण्यात बोलाविले. गोकुळ बाकावर बसलेला होता. मला पाहून तो म्हणाला, "काय बाबा, चार दिवस गाडी चालवाले शिकवली, आता जेलची शिकवनी हाय का?" त्याची बायको बाहेर डबा घेऊन उभी होती.

महिला पोलीस पूनम मॅडम यांनी प्रसेनजितकडून लुंबिनीतील एका विहाराचा नंबर घेतला व दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी स्वतःच्या मोबाईलवरून व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर चांगुणा दिसली. ती विहाराच्या स्वयंपाकघरात होती व मागे इतर बायका पोळ्या लाटत होत्या. तिने डोक्याला रुमाल बांधला होता. पोलिसांसमक्ष आमचे बोलणे झाले ते असे.

ती म्हणाली, "जेवले का?"

मी म्हणालो, "तुले कोनं सोडलं तिथं?"

"कोन सोडन मले? मी राह्यली."

"काऊन?"

तिने हाताचे पीठ पुसले. मग म्हणाली, "तुमी होते तवा म्या काहीच नाही पाह्यलं. तुमच्या गोळ्या पाह्यल्या, तुमची पिशवी पाह्यली. डोंगर आले तं तुमी म्हने डोये मीट. म्या मीटले. इथल्या बाया परवा तिकडंच चालल्या, जीप करून. मी त्याइच्या संगं जाऊन राह्यली. उघड्या डोयानं पाहाचं हाय मले."

मी म्हणालो, "घाट हाय तिथं."

ती म्हणाली, "हाव. माहीत हाय."

तिने मला स्वेटर काढू नका, फेब्रुवारीची थंडी लागते, असे सांगितले. नंतर म्हणाली, "तुमी घ्यायले येऊ नका. मी येतो म्हनलं की येतो." मी बरं म्हणालो. मागून कोणी तिला हाक मारली. काय नावाने मारली ते ऐकू आले नाही, पण ती हसली व फोन बंद झाला.

पूनम मॅडम यांनी विचारले, "बाबा, आजी कधी येतो म्हणल्या?" मी ते विचारले नाही. फोन मॅडमचा होता, जास्त वेळ बोलणे बरोबर दिसले नसते.

तरी माझी पत्नी चांगुणा ही हरवलेली नाही, तिला कोणी सोडून दिलेले नाही व फूस लावलेली नाही. ती स्वतःच्या इच्छेने राहिली आहे. ड्रायव्हर गोकुळ व प्रसेनजित यांचा यात काही दोष नाही. दि. १३ ची माझी तक्रार मी परत घेत आहे. गोकुळ याची मी समक्ष माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा. काकू लय चांगल्या हायेत." तपासासाठी दिलेला चांगुणाचा फोटो मला परत मिळाला आहे.

साहेबांनी विचारले की घरी कोणी आहे काय. कोणी नाही. नाशिकहून मुलीला बोलावून घ्यावे काय, असेही विचारले. नको म्हणून सांगितले.

शेवटी माझी विनंती अशी की, मी चांगुणाला आणण्यासाठी नेपाळात जाणार नाही, हे या जबाबात लिहून घ्यावे. अशा मजकुराची जबाबात गरज नसते असे साहेबांनी सांगितले. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. चार दिवसांनी मी गोरखपूरचे तिकीट काढण्यासाठी स्टेशनवर दिसलो तर ठाण्यातील कोणीही मला थांबवून हा कागद दाखवावा. त्यावर माझी सही आहे.

हा जबाब मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखविला. मी सांगितले तेवढेच यात लिहिले आहे. ते खरे आहे.

समक्ष
(सही) कचरू श्रावण झनके