रोझी मावशीची मयताची साडी

तुम्ही काहीही म्हणा यार, जगावं तर आमच्या गोराईच्या रोझी मावशीसारखं. आमच्या ख्रिस्ती वाड्यातल्या म्हाताऱ्या बायका आपल्या मयताची साडी स्वतःच घेऊन पेटीत ठेवतात. मावशीचीही होती, आकाशी, रेशमी. दर रविवारी काढून बघायची आणि परत घडी घालायची. एकदा मी सहज म्हटलं, "मावशी, इंग्लिशमध्ये म्हणतात ना, यू ओन्ली लिव्ह वन्स. आयुष्य एकदाच मिळतं, मजा करून घे."

"असं म्हणतात?" एवढंच बोलली.

पुढच्याच महिन्यात माझ्या भावाचं लग्न. चर्चच्या दारात मावशी उभी, तीच साडी नेसून! माझी आई किंचाळलीच, "रोझी, अगं ही मयताची ना?"

"मग? तेव्हा मला आरसा कोण दाखवणार?"

नंतर अशी नाचली, की वाइनचा अख्खा ग्लास पदरावर सांडला. आई रडकुंडीला आली. मावशी मात्र थंड. "डाग निघेपर्यंत मी काही मरत नाही."

सहा वर्षं झाली त्याला. परवा मी म्हटलं, "दे ती साडी, ड्रायक्लीन करून आणते."

मावशी सरळ पेटीवर जाऊन बसली. "हात लावून तर बघ!"